सायकलची घंटी

विक्रीकराची अपिलं ऐकणारे ते साहेब रोज सकाळी सायकलवरून नाशिकच्या भांडी बाजारातून जायचे. मी दुकानातून नमस्कार केला की घंटी वाजवायचे.

एका वर्षी माझ्यावर अवाच्या सवा कर लागला. अपील करायचं तर आधी तो सगळा भरा, असा नियम. मी सूट मागितली. सुनावणीत माझ्या वकिलांना थांबवून साहेबांनी मलाच विचारलं, "पैसे कुठून आणाल?"

"लेथ मशीन विकावं लागेल, साहेब."

"बरं, मग?" ही त्यांची सवय.

"मग काय, भांडी घडवणं बंद."

"आणि अपील जिंकलात, तर मशीन कोण परत देणार?" असं म्हणून त्यांनी आगाऊ भरण्याची अट माफ केली.

त्या दिवसापासून मात्र ते मान खाली घालून जाऊ लागले. माझ्या नमस्काराला घंटी वाजेना. "मोठा माणूस, आता कशाला ओळख दाखवेल?" बायको म्हणाली.

काही महिन्यांनी साहेबांनी अपिलाचा निकाल दिला. निम्मा कर गेला, निम्मा कायम राहिला. मशीन चालू होतं म्हणून तो भरता आला.

दुसऱ्या सकाळी दुकान उघडत होतो, तर पार कोपऱ्यापासून घंटी वाजत आली.