जागा कोणी धरली

आबांना पोलिस ठाण्यातून फोन आला की आम्हाला कळायचं, किल्ल्यावरून कोणीतरी दरीत पडलंय. आबा म्हणजे माझे वडील. भाजे गावात आमची थोडी भातशेती. शनिवार-रविवारी शहरातली माणसं यायची, काठावर उभी राहून फोटो काढायची, आणि वर्षाकाठी एखादा पाय घसरून जायचाच. मग आबा आणि गावातले तिघं दोर घेऊन उतरायचे.

त्यांचा एक नियम होता. माणूस जिथून पडला तिथं एकानं उभं राहायचं आणि हलायचं नाही. याला ते जागा धरणं म्हणत. वरून दिसते ती दरी खाली उतरल्यावर उरत नाही. झाडी आणि कपारी सगळ्या सारख्याच वाटतात. वरचा माणूस हात करून दाखवत राहतो, म्हणून खालचे पोहोचतात. आबांनी एकही प्रेत दरीत सोडलं नाही. ओळख ना पाळख, पण वर आणलं.

माझा भाऊ माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. आई लवकर गेली, त्यामुळे त्याचं बरंचसं मीच केलं. मी लोणावळ्यात एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. खलाशाच्या कोर्सचा फॉर्म मीच आणला आणि मीच भरला. पर्यटकांचे तंबू ठोकत जन्म काढण्यापेक्षा हे बरं, असा माझा विचार होता. समुद्र त्यानं तोवर एकदाच, शाळेच्या सहलीत पाहिला होता.

तिसऱ्या खेपेला, हिंदी महासागरात, भर दुपारी तो जहाजाच्या डेकवरून पाण्यात पडला. फॉर्मवर नंबर माझा होता, म्हणून फोन मला आला.

आबांना घेऊन मी कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात गेले. त्यांच्या हातात गोणी होती. गाडीत मी विचारलं, "यात काय?"

"दोर."

"आबा, समुद्रात दोर काय करणार?"

"असू दे. लागला तर."

ऑफिसातल्या साहेबांनी नकाशा उलगडला. निळ्या रंगावर पेन्सिलची फुली होती.

"खोल किती?" आबांनी विचारलं.

"चार हजार मीटर असेल, काका."

आबा माझ्याकडे वळले. "आपला किल्ला किती गं?"

"समुद्रापासून मोजला तर हजार."

"म्हंजी चार किल्ले." त्यांनी मान हलवली. "बरं. आन जागा कुनी धरलीय?"

साहेबांना कळेना. मी समजावून सांगितलं. ते म्हणाले, जहाजानं दोन दिवस शोध घेतला, आणखी दोन जहाजं मदतीला आली, मग पुढं जावं लागलं.

"म्हंजी आता तितं कोन न्हाई."

"तिथं पाणी वाहतं, काका. जागा अशी राहत नाही."

आबांनी गोणी उचलली. "चल."

भावकीतले लोक म्हणू लागले, पुतळा करा. शरीर मिळालं नाही तर दर्भाचा पुतळा करून अग्नी देतात, पुढचे विधी करतात. आबा ऐकेनात. न पाहता पोराला जाळायचं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. मी दर रविवारी लोणावळ्याहून जायची आणि तोच विषय काढायची. हे असं लोंबकळत ठेवून चालत नाही, असं माझं मत होतं. एकदा ते म्हणाले, "लय शिकलीस. पान्यात पाटवलास, आन आता जाळायची घाई झालीय व्हय?" मी उठून भांडी घासली. पुढच्या रविवारी मी पुन्हा तेच बोलले.

सहा महिन्यांनी, भात झोडून झाल्यावर, एक माणूस घर विचारत आला. त्या जहाजावरचा सारंग, म्हणजे खलाशांचा म्होरक्या. दापोलीकडचा, पन्नाशीचा. सुट्टीवर आला की पहिलं इथं यायचं, असं त्यानं ठरवलं होतं. तो अंगणात बसला.

"पडताना मी बघितला, काका. आमच्यात नियम आहे. ज्यानं बघितलं त्यानं पडलेल्याकडं बोट दाखवत उभं राहायचं, दुसरं काम करायचं नाही. जहाज वळायला वेळ लागतो, तोवर पाणी सगळीकडं सारखंच दिसतं."

आबा पुढं सरकले. "तू हुबा राह्यलास?"

"राहिलो. डोकं दिसत होतं. लाटेआड गेलं, परत वर आलं. मग आलं नाही."

"नजर हलली?"

"नाही, काका."

"मग?"

"मग काही नाही. मी तसाच बोट रोखून होतो. कप्तान म्हणाला, आता हात खाली घे. हात खाली येईना."

मी चहा आणला, तो निवला. "जेवून जा," आबा शेवटी म्हणाले. सारंग जेवला आणि दुपारच्या गाडीनं गेला.

तो नजरेआड झाल्यावर आबा म्हणाले, "भटजीला सांग."

आणि माझ्या तोंडून निघालं, "इतकी घाई कशाला? संक्रांत होऊ दे."

ते बघतच राहिले. "सा म्हैने माज्या मागं लागलीवतीस."

"हो."

"मंग?"

मी आत जाऊन भावाचा शर्ट शोधला. सापडला तरी शोधत राहिले.

पुतळा दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा. त्यावर तो शर्ट. तिरडी चौघांनी उचलली, आणि वजनच नसल्यामुळे त्यांचे पाय भराभर पडायला लागले.

"हळू," आबा ओरडले. "पळता काय? मानूस हाय."

ते थांबले. खांदे सावरले. मग पाय जड असल्यासारखे टाकत ओढ्याकाठच्या स्मशानाकडं चालू लागले.

आमच्याकडं बायका तिथवर जात नाहीत. मी गेले.