कळलावीचा कंद

बाबा अकोटला शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांना वाताचा त्रास सुरू झाला. पायाचा अंगठा सुजून लाल व्हायचा, चादर लागली तरी कळवळायचे. आई त्यावर कळलावीचा कंद उगाळून लेप लावायची. पावसाळ्यात सातपुड्याच्या पायथ्याशी ही वेल झुडपांवर चढते, लालपिवळ्या फुलांनी पेटल्यासारखी दिसते. पूर्वी कळा याव्यात म्हणून बाईच्या तळपायाला हाच लेप लावत आणि मूल झालं की ताबडतोब धुऊन टाकत. आईसुद्धा लेप लावल्यावर हात घासून धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात जात नसे.

पुढे डॉक्टरांनी बारीक गोळ्या दिल्या. त्यांतलं औषध कळलावीतूनही काढतात, हे बाबांनी मोबाइलवर वाचलं आणि ते खूश झाले. मी तेव्हा माहेरी आले होते. जेवताना ते आईला म्हणाले, "तू लावून राहिली होती, तेच हाय गोळीत."

"लेपाचं लेपाले," आई म्हणाली. "पोटात नाई घेत ते."

"मंग गोळी काय मी डोक्यावर ठेवतो?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बाजारात गेलो असताना त्यांनी कंद उकळून खाल्ला. उकळल्यावर विष उतरतं, असं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. दुपारी उलट्या सुरू झाल्या, मग जुलाब. तेव्हा कुठे त्यांनी आम्हाला सांगितलं. अकोल्याला नेताना गाडीत एवढंच म्हणाले, "अंदाज चुकला."

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "याच्यावर उतारा नाही. शरीराला किती झेपतं ते बघायचं."

सकाळी त्यांना बरं वाटलं. चहा मागितला. नर्सला त्या वेलीची माहिती सांगत बसले. मला वाटलं, सुटलो. मग लघवी बंद झाली, श्वास लागायला लागला. शुद्ध मात्र शेवटपर्यंत होती. मला जवळ बोलावून म्हणाले, "यात पुढं केस गळतात म्हणे. आईले सांगून ठेव, नाई तं भेईन ते." केस गळण्याइतके दिवस त्यांना मिळाले नाहीत.

विषाने मृत्यू, म्हणून पोलीस आले. हवालदार सौम्य होता. "घरात काही वाद? कशाचं टेन्शन?"

"औषध म्हणून खाल्लं त्यायनं," आई म्हणाली.

त्याने मान हलवली आणि पुन्हा तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला.

आमच्याकडे माणूस विष खाऊन गेला म्हटलं की कुणी दुसरं कारण शोधत नाही. भेटायला आलेले सगळे आवाज खाली करून बोलायचे. बाबांचा एक जुना सहकारी आईला म्हणाला, "सरांनी एकदा बोलायला तरी पाहिजे होतं आमच्याशी." आईने त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. अंगठा, गोळी, उकळलेला कंद. तो ऐकत राहिला आणि निघताना तिला म्हणाला, "जाऊ द्या वहिनी, आता काय उपयोग."

त्यानंतर आईने कुणाला समजावणं सोडून दिलं.