मामाजींच्या बोडीतला गोटा

पृथ्वीला वाचवायचं काम ज्याच्यावर सोपवून मी खुशाल झोपू शकेन असा एकच माणूस मला ठाऊक आहे, आणि नेमका त्याच माणसाचा पृथ्वीला काही झालंय यावर विश्वास नाही. हा माणूस म्हणजे माझ्या बायकोचे मामा. मीही त्यांना मामाजीच म्हणतो आणि ते मला जवाईबापू म्हणतात. आमच्याकडे जावयाला मान फार. त्याला अरे-तुरे करायचं नाही, अर्ध्या ताटावरून उठू द्यायचं नाही आणि तोंडावर मूर्ख तर मुळीच म्हणायचं नाही. मामाजी हे सगळे नियम कसोशीने पाळतात. "जवाईबापू, तुमच्यासारखा येडा मानूस मी अख्ख्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात पाह्यला नाही," हे वाक्यसुद्धा ते हात जोडूनच म्हणतात.

मी शाळेत भूगोल शिकवतो आणि अधूनमधून वर्तमानपत्रात हवामानबदलावर लेख लिहितो. लेखासोबत माझा फोटो छापून येतो, त्यामुळे या विषयातलं तालुक्यातलं शेवटचं मत आपलंच, असा माझा बरीच वर्षं समज होता. मामाजींपुढे तो टिकत नसे. "मौसम नाही बदलला, जवाईबापू. मानूस बदलून राह्यला," एवढं एकच वाक्य त्यांच्याजवळ होतं आणि ते त्यांना जन्मभर पुरलं. निवडणुकीच्या दिवसांत चौकातल्या चहाच्या टपरीवर दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते जमत. एक बाजू म्हणे, हा सगळा परदेशातल्या कारखान्यांच्या धुराचा परिणाम. दुसरी म्हणे, कसला धूर, आधीच्या सरकारने जंगल विकलं त्याचा परिणाम. मामाजी कपातला चहा शांतपणे संपवत आणि मग दोघांनाही सारखाच प्रश्न टाकत, "तुमच्या साहेबाची बोडी कोठी आहे?" साहेबांची गाडी कुठे आहे, बंगला कुठे आहे हे कार्यकर्त्यांना पाठ असे. शेताच्या डोक्यावर पावसाचं पाणी अडवायला बांधलेला तो लहानसा तलाव, ती बोडी, साहेबांजवळ आहे की नाही, हे मात्र कुणी पाहिलेलं नसे. मामाजींना मत कुणाला दिलं ते विचारायची त्यानंतर कुणाची हिंमत होत नसे.

त्यांच्या सवयी सांगायला बसलो तर शाळेचा तास पुरायचा नाही. ते आमच्या घरी आले की आधी पंखा बंद करतात आणि मग रामराम घालतात. बाजाराला अजून सायकलने जातात, कारण फटफटीवरून जाताना लोकांच्या बांध्यांतलं, म्हणजे शेताच्या बांध घातलेल्या तुकड्यांतलं, धान नीट पाहता येत नाही. उन्हाळी धान त्यांनी आयुष्यात एकदाही लावलं नाही. कापणीच्या आधी ओल्या बांधीत लाखोळीचं, त्या बिनखर्ची कडधान्याचं, बी फेकायचं आणि मोकळं व्हायचं. "जमीनले बी सुट्टी लागते का नाही? तुमाले तर मे महिनाभर असते," हे वर मला. आणि लग्नाला जाताना कापडी पिशवीत स्वतःचा पितळी लोटा नेतात, कारण प्लास्टिकच्या पेल्यातलं पाणी त्यांच्या घशाखाली उतरत नाही. गोंदियाला एका नात्यातल्या लग्नात, मोठ्या हॉलमध्ये, हातात लोटा घेऊन ते पाणी शोधत फिरत होते. यजमानांच्या कुणा अदबशीर माणसाने तो लोटा पाहिला आणि कानाशी येऊन म्हणाला, "चाचाजी, उधर, पीछे की तरफ." मामाजी त्याने दाखवलेल्या बाजूला गेले. तिथल्या नळावर त्यांनी लोटा भरून घेतला आणि परत येऊन पंगतीत माझ्या शेजारी बसून अर्धा लोटा घटाघटा प्यायले. "बहुत बढ़िया पानी है," ते समोरच्या पाहुण्यांना म्हणाले. समोरच्या चौघांनी हातातल्या पुऱ्या खाली ठेवल्या.

एकदा माझ्या आग्रहाखातर ग्रामसभेत पर्यावरणाची शपथ घ्यायचं ठरलं. शपथेचा मजकूर अर्थातच मी लिहिला होता. सगळ्या गावाने हात पुढे केले, फक्त मामाजींचे हात मांडीवर होते. मी वरमलो. सभा संपल्यावर त्यांना गाठून विचारलं, तर म्हणाले, "मी नाही घेत शपथ. शपथ घेतली का मानसाले काम झाल्यासारखं वाटते." मी आठवडाभर त्यांच्याशी अबोला धरला. त्यांच्या ते लक्षात आलं नाही, कारण तो आठवडा ते बोडीतला गाळ काढत होते.

आता माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, जी मी कुठल्याही लेखात लिहिलेली नाही. सासऱ्यांनी बायकोच्या नावे केलेली थोडी धानाची जमीन मामाजींच्या जमिनीला लागून, उताराच्या अंगाला आहे. तिच्या डोक्यावरही एक बोडी होती. ती मी बुजवली. जेसीबी लावून दोन दिवसांत सपाट केली. माझा हिशेब शास्त्रशुद्ध होता. हवामान बदललंय, पाऊस भरवशाचा राहिला नाही, बोडी निम्मीही भरत नाही, मग जागा कशाला अडवायची? त्या जागेवर आणखी दोन बांध्या झाल्या. त्याच आठवड्यात माझा 'थेंब थेंब जपा' हा लेख छापून आला. मामाजी लेखाचं पान घेऊन शेतावर आले. सपाट केलेली जागा त्यांनी पावलांनी मोजली, पान घडी करून खिशात घातलं आणि सायकलवर बसून गेले. त्यांनी तोंडावर दोन शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्याच वर्षी पावसाने ऐन वेळी तोंड फिरवलं. धान पोटरीत, म्हणजे लोंबी बाहेर पडायच्या बेतात, आणि आभाळ कोरडं. त्या वेळी एक पाणी मिळालं तर धान, नाहीतर नुसती तणीस, वाळका पेंढा. बांध्यांना भेगा पडू लागल्या. मी मामाजींकडे गेलो नाही, कोणत्या तोंडाने जाणार? सकाळी शेतावर पोचलो तर मामाजींनी बोडीची मोरी, पाणी सोडायचं तोंड, उघडली होती, आणि पाणी त्यांच्या स्वतःच्या बांध्यांच्या कडेने थेट माझ्या शेतात येत होतं.

"मामाजी, आधी तुमचं तर भिजू द्या!"

"पंगतीत जवाईले आधी वाढते ना? मंग पान्याचं काऊन वेगळं?"

माझं भिजलं, मग त्यांचं भिजू लागलं. त्यांच्या शेवटच्या दोन बांध्या उरल्या असताना ते पारीवरून, बोडीच्या बांधावरून, उतरले आणि मोरीच्या तोंडात तणीस-चिखलाचा बोळा कोंबून ती बंद करून टाकली. बोडीत गुडघ्याच्या वर पाणी होतं. मी ते बोट करून दाखवलं.

"आहे ना," ते म्हणाले. "आपलं नाही."

पाण्यातून एका काळ्या गोट्याचं टाळकं नुकतंच बाहेर आलं होतं. तो गोटा दिसला की मोरी बंद, हा त्यांच्या आजोबांपासूनचा नियम. खालचं पाणी मासोळ्यांचं, ढोरांचं आणि दरवर्षी येणाऱ्या सारसांच्या जोडीचं. "आपल्या बोडीचे सारस दुसऱ्याच्या बोडीवर गेले तर आपली काय इज्जत राह्यली?" त्या दोन बांध्यांचं धान त्यांच्या डोळ्यांदेखत वाळलं. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आता तरी म्हणा मामाजी, मौसम बदलला."

"बदलला," ते म्हणाले. "मले काय दिसत नाही? पण चौकात मी नाही म्हननार. मौसम बदलला म्हटलं का लोक म्हनतात, आता बोडी कायले ठेवाची? आन बुजवून टाकतात." मग त्यांनी माझ्याकडे पाहून हात जोडले. त्या दिवशी मला त्यांनी येडा म्हटलं नाही, आणि ते मला फार लागलं.

मागल्या दोन वर्षांत मामाजींचे डोळे गेले. काचबिंदू. गोंदियाच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही. उजेड-अंधार कळतो, माणूस आवाजावरून कळतो. आता त्यांच्या बांध्या त्यांच्या एका भाच्याकडे आहेत. बोडीची मोरी मात्र त्यांनी माझ्या हाती दिली, का ते मी विचारलं नाही. पाणी सोडायचं असलं की मी त्यांना सायकलवर मागे बसवून पारीवर नेतो.

गेल्या पावसाळ्यात पुन्हा तेच झालं. धान पोटरीत आणि आभाळ कोरडं. भाच्याच्या बांध्या भिजल्या, माझ्याही भिजत आल्या, आणि माझ्या शेवटच्या दोन बांध्या, बोडी बुजवून केलेल्या त्याच, कोरड्या असताना पाण्यातून गोट्याचं टाळकं बाहेर आलं. मामाजी पारीवर बसले होते.

"गोटा दिसून राह्यला का, जवाईबापू?"

माझ्याशिवाय तिथे पाहणारं कुणी नव्हतं. दोन दिवस नाही म्हणालो असतो तर माझं सगळं धान वाचलं असतं, आणि त्यांना जन्मात कळलं नसतं. मी गोट्याकडे पाहिलं, बांध्यांकडे पाहिलं, पुन्हा गोट्याकडे पाहिलं. लपवत नाही, तोंडापर्यंत 'नाही' आलं होतं.

"दिसते, मामाजी," मी म्हटलं, आणि उतरून मोरी बंद केली.

वर आलो तर मामाजी गदगदा हसत होते. मला वाटलं, उन्हाने काही झालं की काय. "आता पुन्हा उघडा," ते म्हणाले. "उन्हाळ्यात बोडी आटली तवा भाच्याले धरून मी तो गोटा वीतभर वर सरकवला. म्हटलं, जवाई मानूस आहे, मास्तर आहे, दोन दिवस तर खोटं बोलनच. तेवढी सूट धरून ठेवली होती तुमची."

मी मोरी उघडली. त्या वीतभर पाण्यावर माझ्या दोन बांध्या भिजल्या. त्या वर्षीचा पहिला भात मी त्यांच्या ताटात वाढला, आणि त्यांनी तो भात चाखून, "तांदूळ बरा आहे, भात गिचका झाला," असं बायकोला सांगितलं. या माणसाचे उपकार कोणत्या शब्दांत मानायचे, हे मला अजून सुचलेलं नाही.

या उन्हाळ्यात बोडी आटल्यावर मामाजींनी मला बोलावून घेतलं. "गोटा जुन्या जागी नेऊन ठेवा," म्हणाले. "आता तुमच्यासाठी सूट ठेवाची गरज नाही." त्यांना सायकलवर बसवून मी पारीवर नेलं, आणि एकटा बोडीत उतरलो. भेगाळलेल्या गाळात बसून राहिलो. गोटा हाताने थोडा हलवूनही पाहिला. मग मनात आलं, मामाजी आज वर बसलेत. पुढे एखाद्या कोरड्या पावसाळ्यात पारीवर विचारणारं कुणी नसेल, आणि मी स्वतःला चांगला ओळखतो.

"ठेवला का, जवाईबापू?" वरून आवाज आला.

"ठेवला, मामाजी," मी म्हटलं.

मामाजींशी मी बोललेलं हे एवढंच एक खोटं. गोटा अजून वीतभर वरच आहे.