उपास मले हाय

हातमाग चालू होते तेव्हा आमच्या गल्लीत एक विणकर होता. एकादशीला तो शेंगदाण्यांवर राहायचा, पण दारी आलेल्याला जेवल्याशिवाय सोडायचा नाही. समोर बसून वाढायचा. "तुम्ही जेवा गा. उपास मले हाय."

गल्लीतच कांड्यांवर सूत भरणाऱ्या दोघी बायांनी देवळात एकमेकींना हार घातले, तेव्हा गल्ली चिडली. हे धर्मात बसत नाही, सरकारनं कायदा करून अशांना आत टाकावं, म्हणत सारे त्याच्याकडे आले. गल्लीतल्या लग्नांत अंतरपाट तोच धरायचा, त्याच्या शब्दाला मान होता. माग न थांबवता तो म्हणाला, "मले बी नाही पटत. मी अंतरपाट धरला नसता. पण माह्या एकादशीपायी सरकारनं साऱ्या नागपूरच्या चुली काहून विझवाव्या?"

लोक एकेक करून निघून गेले.

नव्या जोडप्याला गल्लीत घरोघर जेवायला बोलावत. त्या दोघींना पहिलं बोलावणं त्याचंच गेलं. मी पाणी द्यायला होतो. दोघींना पाटावर शेजारी बसवून त्यानं पाटवडीचा रस्सा आग्रहानं वाढला.

"भाऊ, तुम्ही नाही बसत?" एकीनं विचारलं.

दिवस त्यानं मुद्दाम निवडला होता, हे मला तेव्हा कळलं.

"तुम्ही जेवा वं," तो म्हणाला. "उपास मले हाय."