तळमजल्यावरचं बारसं

डोंबिवलीत आमच्या बिल्डिंगमधला पहिला फोन आमच्याकडे आला, तिसऱ्या मजल्यावर, आणि त्या दिवसापासून माझ्या बाबांची झोप उडाली. फोनला कुलूप, कुलपाची किल्ली जानव्याला, आणि कुणी परदेशी नंबर फिरवू नये म्हणून टाकलेला गुप्त आकडा फक्त त्यांच्या डोक्यात. आई म्हणायची, "एवढं लक्ष माझ्याकडे दिलं असतंत तर मी राणीच झाले असते." बाबा तेवढ्यात फोनचं कुलूप ओढून बघायचे.

बाहेर जाणाऱ्या फोनवर असा पहारा, पण आत येणारा फोन मात्र अख्ख्या बिल्डिंगचा. खालच्या कुणाचा फोन आला की बाबा गॅलरीत येऊन दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना सांगायचे, काकू पहिल्या मजल्यावर, तिथून तळमजल्यावर. ज्याचा फोन तो धापा टाकत वर येईपर्यंत रिसीव्हर टेबलावर आडवा. या निरोपात काकूंचा आवाज सगळ्यात मोठा. आमची बिल्डिंग ज्या जमिनीवर उभी होती ती मुळात काकूंच्या सासऱ्यांची, भातशेतीची, आणि बांधावरून घरी हाक मारायची सवय काकूंची फ्लॅटमध्ये येऊनही सुटलेली नव्हती.

नव्वदचं दशक संपत आलेलं. मी तेव्हा ठाण्यात टेंभी नाक्याजवळ एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे आणि साठवलेल्या पगारातून घरी कॉम्प्युटर आणलेला. मोडेमसकट. ते मोडेम कुईं-खर्र करत लाईन जोडायला लागलं की माझ्या अंगावर काटा यायचा, खोटं नाही सांगत. आता तो आवाज कुणी काढून दाखवला तर लोक हसतात. मला अजून धडधडतं.

तेवढ्यात क्लासमध्ये एक प्रकार झाला. एका मशीनचा सीडीचा ट्रे आपोआप उघडायला लागला. बंद केला की परत बाहेर. पोरं म्हणाली भूत आहे. भूत कसलं, इंटरनेटवरून कुणीतरी मशीनमध्ये शिरून आमची मजा घेत होता. मी तशीच घरी आले आणि आमच्या मशीनवर राखणीचा प्रोग्रॅम बसवला. बाहेरून येणारा प्रत्येक रस्ता बंद. आणि बंद केलेल्या दारावर कुणी टकटक केली तर स्क्रीनवर चौकट यायची, बाहेरून कुणीतरी आत येऊ पाहतंय, येऊ द्यायचं का? खाली दोन बटणं, हो आणि नाही. हे बघून बाबा इतके खूश झाले की विचारू नका. "तुझ्या शिक्षणाचा उपयोग आज पहिल्यांदा दिसला," म्हणाले. मी त्यांना बजावून ठेवलं की मी नसताना चौकट आली तर डोळे मिटून 'नाही'चं बटण दाबायचं. ते काम त्यांनी जन्मभर केलेलंच होतं.

आता ताई. तळमजल्यावर एक ताई आणि तिची आई राहायच्या. आम्ही त्या आईला आजी म्हणायचो. आजींना अर्धांगवायू झालेला, उजवी बाजू गेलेली, बोलणं जवळजवळ बंद. ताई घरीच कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका आणि अहवाल टाईप करून द्यायची. वडील लवकर गेल्यावर धाकट्या भावाला तिनेच शिकवलं, स्वतःचं लग्न राहून गेलं ते गेलंच. तो भाऊ अमेरिकेत, आणि त्याला मुलगी झाली.

बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. ही एकुलती एक आत्या, आणि आईला सोडून दार ओलांडता येत नाही अशी. भावाने कळवलं, तू फोनवरून नाव सांग, मी रिसीव्हर बाळाच्या कानाला लावतो. ताई आमच्याकडे आली, फोनकडे बघितलं, आणि म्हणाली, "फोन वर, आई खाली. तिला नातीचं बारसं ऐकू येणार नसेल तर मी एकटीने वर येऊन नाव ठेवणार नाही. त्यापेक्षा तिकडच्या कुणा मैत्रिणीला आत्या करा म्हणावं." आणि एवढं बोलून ती आमच्या सोफ्यावर बसून रडली. मी तिला कधी रडताना बघितलेलं नव्हतं. मला भयंकर राग आला, कुणाचा ते ठाऊक नाही, आणि मी म्हणाले, "ताई, बारसं खालीच होणार. कसं ते मी बघते."

आधी टेलिफोनची वायर खाली सोडून बघितली. जोड देऊन लांबवलेल्या त्या वायरीत इतकी खरखर की मोडेम लाईन धरेना. मग ठाण्याहून नेटवर्कची केबल आणली, आमच्या गॅलरीतून तळमजल्यापर्यंत सोडली आणि ताईचं मशीन आमच्या मशीनला जोडलं. इंटरनेट वाटून देणारा प्रोग्रॅम वरच्या मशीनवर टाकला. ताईच्या स्क्रीनवर, आजींच्या पलंगाशेजारी, पहिलं पान हळूहळू उमटलं तेव्हा मी चक्क नाचले. आजी डाव्या डोळ्याने माझ्याकडे बघत होत्या. पोरगी कामातून गेली असं त्यांना वाटलं असणार.

पण बोलणं एका बाजूचंच. कॉम्प्युटरवरून बोलायचा प्रोग्रॅम लावला, तर ताईचा आवाज भावाला स्वच्छ, भावाचा आवाज ताईला नाही. तो चॅटच्या खिडकीत टाईप करत होता, मी ओरडतोय, ऐकू येतंय का? इथे शांतता. दोन दिवस माझं डोकं चालेना. क्लासमध्ये शिकवताना मधेच थांबायचे. घरी आईने विचारलं, "जेवणार आहेस की त्या डबड्याची पूजा करणार आहेस?"

आणि मग जेवतानाच कळलं. बाबा गॅलरीत उभे राहून दुसऱ्या मजल्याला सांगत होते, खालच्यांचा फोन आलाय. मी घास तसाच टाकून उठले. अहो, भावाचा आवाज येत होता, पण वरच्या मशीनपर्यंतच. जगाला फक्त वरचं मशीन दिसत होतं. खाली कुणी राहतं हे बाहेरच्यांना ठाऊक नाही, आणि वरच्याला कुणी सांगितलेलं नाही की हा निरोप तुझा नव्हे, खाली पोचव. पोस्टात असतात तशा आकडे लावलेल्या खिडक्या मशीनला असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. बोलणाऱ्या प्रोग्रॅमच्या खिडक्या कुठल्या ते शोधलं, आणि वरच्या मशीनच्या सेटिंगमध्ये लिहिलं की या खिडक्यांवर जे येईल ते न उघडता सरळ ताईच्या मशीनकडे. त्या संध्याकाळी टेस्ट करताना ती चौकट आली, बाहेरून कुणीतरी येऊ पाहतंय, मी हो दाबलं, आणि खालून ताईचा आवाज आला, "अगं, बोलला. तो बोलला." मी जिन्यावरून कशी उतरले ते मला आठवत नाही.

बारसं रविवारी सकाळी, म्हणजे तिकडे शनिवारची संध्याकाळ. तळमजल्यावरच्या त्या खोलीत बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका. पाळणा नव्हता, तर काकूंनी स्वतःच्या नातवाचा पाळणा आणून कॉम्प्युटरसमोर टांगला, आत एक नारळ निजवला. आजींना नवं लुगडं नेसवून उशांना टेकवून बसवलेलं. घुगऱ्यांचा वास सुटलेला. वर आमच्या घरी फक्त बाबा. त्यांना एकच काम, फोनचा रिसीव्हर कुणालाही उचलू द्यायचा नाही, नाहीतर लाईन तुटेल. त्यांनी दाराला आतून कडी घातली होती.

मी लाईन जोडली, खाली आले, ताईने चॅटवरून भावाला आमच्या मशीनचा त्या वेळेचा, लाईन जोडली की नव्याने मिळणारा इंटरनेटवरचा नंबर कळवला. भावाने तिकडून कॉम्प्युटरवरूनच फोन लावला.

काही नाही. चॅटमध्ये त्याची ओळ आली, घेत नाहीये. परत लावला. घेत नाहीये. ताईने माझ्याकडे बघितलं. पुन्हा ओळ आली, ताई, तुमच्याकडून कुणीतरी बंद करतंय.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. टेस्टच्या वेळी मी हो दाबलेलं, पण भावाचाही नंबर दरवेळी नवा, म्हणून राखणदार दरवेळी नव्याने विचारणार. आणि वर कॉम्प्युटरसमोर कोण बसलंय? तर माझे बाबा. पडद्यावर बाहेरचा माणूस आत येऊ बघतोय आणि बाबा इमानेइतबारे 'नाही'चं बटण दाबताहेत. लाईन कुठल्याही क्षणी तुटली असती, आणि रविवारी सकाळी परत लागेल याची खात्री नव्हती. दाराशी बायकांची एवढी दाटी की मला बाहेर पडता येईना. मी तिथूनच ओरडले, "बाबांना सांगा, हो म्हणा. येऊ द्या म्हणावं त्यांना."

आणि जिना जागा झाला. इतकी वर्षं निरोप वरून खाली आले होते, त्या दिवशी पहिल्यांदा खालून वर निघाला. दारातल्या बाईने पहिल्या मजल्यावर सांगितलं, पहिल्याने दुसऱ्यावर, आणि काकू, ज्या घुगऱ्यांचं पातेलं आणायला वर गेलेल्या, त्या गॅलरीत येऊन अशा काही गरजल्या की समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्या उघडल्या. "ओ दादा, येव द्या त्यांना, येव द्या आत."

आणि मग स्पीकर खरखरला आणि त्यातून एक बाळ रडलं.

आजींच्या तोंडून आवाज निघाला. शब्द नव्हता, पण आवाज होता. भाऊ म्हणाला, "ताई, हेडफोन तिच्या कानाला लावलाय. सांग." ताई पाळण्यातल्या नारळावर वाकली, माईक ओठांशी घेतला, कुर्र केलं आणि नाव सांगितलं, इतक्या हळू की शेजारी असून मला ऐकू आलं नाही. रडणं थांबलं. आता बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात, पण सगळ्या डोळे पुसण्यात दंग. धपाटा आला तो पलंगावरून, आजींच्या डाव्या हाताचा. चांगला सणसणीत होता, ताई कळवळली. मग आमच्या बायकांनी असा काही पाळणा म्हटला की अमेरिकेतली पाहुणेमंडळी थक्क झाली असणार.

खूप वेळाने घुगऱ्यांची वाटी घेऊन मी वर गेले. भांडायची तयारी करून गेलेले. दाराची कडी काढून बाबा लगबगीने परत खुर्चीत जाऊन बसले आणि माऊस धरला. पंखा बंद, कारण त्याच्या वाऱ्याने काही होईल अशी त्यांना भीती. शर्ट घामाने भिजलेला. डोळे पडद्यावर, बोट बटणावर. एकदा हो म्हटल्यावर ते परत विचारणार नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं.

"बाबा, झालं बारसं," मी म्हणाले. "उठा आता."

त्यांनी बोट काढलं नाही. माझ्याकडे न बघताच विचारलं, "पोचली का गं ती चिमुरडी नीट खाली?"