रिकामं ठेवायचं धरण

धरणाच्या गेटच्या चाकाला ग्रीस लावलं की त्या वासाबरोबर मला तो म्हातारा चौकीदार आठवतो. आमच्या गावाच्या वर नाल्यावर धरण बांधलं ते पूर अडवायला, म्हणून पावसाळाभर तळं अर्धं रिकामं ठेवायचं, म्हणजे डोंगराचं पाणी त्यात मावतं. पण आम्ही मिरची पिकवणारी माणसं. साठलेलं पाणी कुणी सोडून देतंय हे आम्हाला बघवेना. त्या दुपारी तळं तुडुंब होतं आणि चौकीदार गेट उघडायला चाक फिरवत होता. "पानी सोडू नको," मी म्हणालो. "वरतून पूर ई ऱ्हायना, भाऊ," तो डोंगरावर कोसळणाऱ्या पावसाकडे बोट दाखवत म्हणाला, "जागा करनी पडी." मी शेतातून तसाच आलो होतो. हातातल्या फावड्याचा दांडा मी त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, तरी दुसऱ्यांदा मारलं. बाकीच्यांनी त्याला लाथांनी तुडवलं आणि गेट बंद करून चाकाला साखळी बांधली. तासाभरात पूर आला, बांधावरून उसळला आणि गावाची खालची आळी खरवडून घेऊन गेला. माझी बैलजोडी दाव्याला बांधलेलीच गेली. आता चौकीदार म्हणून त्या चाकावर मी असतो. परवा पाणी सोडत होतो, तर गावातले चौघं मागे येऊन उभे राहिले. एकाच्या खांद्यावर फावडं होतं. "दादा, पानी कसाले सोडी ऱ्हायनात?" त्याने साधंच विचारलं. मी चाक सोडलं नाही, पण उजवं मनगट आपोआप पोटाशी गेलं.