आईच्या फॉर्मवर मी लिहिलेलं 'नाही'

पंधरा दिवसांपूर्वी आई गावाहून पहिल्या एसटीने वसमतला आली. दाढ काढायला... आणि तीही मी काम करते त्या क्लिनिकमध्ये.

दोन खुर्च्यांचं दातांचं क्लिनिक आहे. डॉक्टर मॅडम, त्यांच्या मदतनीस सुनंदाताई आणि रिसेप्शनला मी. घरातली पहिली ग्रॅज्युएट, त्यामुळे आई दाढ विसरून आधी मला टेबलामागे बसलेली बघत राहिली.

गेले काही महिने आमच्याकडे एकच विषय चालू आहे... मानांकन. बाहेरची माणसं येऊन क्लिनिक तपासतात, आणि सगळं ठरलेल्या नियमांप्रमाणे असेल तर तसं प्रमाणपत्र देतात. मला पहिल्या दिवसापासून प्रश्न पडला होता, हे कशासाठी? ठणका लागून जवळा बाजारहून आलेला माणूस भिंतीवरचं प्रमाणपत्र कशाला वाचेल?

एकदा मॅडमना विचारलंच. त्या म्हणाल्या, "हळद घेणारा व्यापारी काय करतो? हळकुंड मोडून आतला रंग बघतो. माझ्या पेशंटला काय मोडून बघता येतं? तो तोंड उघडतो आणि डोळे मिटतो. त्याच्या वतीने कुणीतरी बघायला नको?"

त्यानंतर मला या सगळ्याचा नादच लागला. प्रत्येक हत्यार वेगळ्या पाकिटात, पाकीट वाफेच्या मशीनमध्ये... पुरेशी वाफ लागली की पाकिटावरच्या पट्टीचा रंग बदलतो. ते पाकीट पेशंटसमोरच फोडायचं. मी दर वेळी तो रंग बघायला उठून जायचे. आग लागली तर बाहेर कुठून पडायचं, त्याचे बाणही भिंतीवर लागले. एक आजोबा म्हणाले, "बाई, दार तं समोर दिसून राहिलंय, बाण काहून लावला?"

माझ्याकडे फाइल्स होत्या. प्रत्येक पेशंटचा एक फॉर्म, त्यात प्रश्न... काही आजार आहे का? बीपी, शुगर, हृदयाचा त्रास, कुठल्या औषधाची ॲलर्जी? एकही रकाना रिकामा ठेवायचा नाही. मी ठेवलाही नव्हता. तपासणीला येणाऱ्यांना दाखवायला तो गठ्ठा मी वेगळा काढून ठेवला होता.

तर आई बाकावर टेकली, आणि मी तिचा फॉर्म तिला न विचारताच भरला. तिला कसला आजार... दिवसभर खुरपते, कधी झोपून राहिलेली मला आठवत नाही. नाही, नाही, नाही, नाही.

सुनंदाताईंनी फॉर्म हातात घेतला, पण वाचला नाही. आईजवळ जाऊन बसल्या.

"मावशी, सकाळी काय खाल्लं?"

"काहीच न्हाई. सुई टोचणार म्हणल्यावर उपाशीच यावं लागतंय ना?"

"न्हाई हो, खाऊन यायचं असतंय. मग सकाळची गोळी?" गोळी असणारच, अशा सुरात त्यांनी विचारलं.

"ती मी भाकरीवर घेत असते. आज भाकर न्हाई तं गोळी बी न्हाई."

मी उठून उभी राहिले. कसली गोळी?

आईने पिशवीतून रुमाल काढला, गाठ सोडली. बीपीच्या गोळ्यांची पट्टी... अर्धी संपलेली.

"तुला बीपी आहे?"

"होतं. आता गोळी घेते की. गोळीनं बराबर राहतंय, मग आजार कुठं राहिला?"

"मला काहून सांगितलं न्हाईस?"

"तवा तू नांदेडला, परीक्षा तोंडावर. पेपर सोडून येणार व्हतीस का?"

सुनंदाताई आईच्या दंडाला बीपी मोजायचा पट्टा बांधता बांधता म्हणाल्या, "मावशी, पोरगी शिकलेली हाय. तुमचा आजार बी तिला तोंडपाठ असंल असं वाटलं तिला."

वरचा आकडा एकशे ऐंशीच्या पुढे गेला होता. मॅडमनी दाढ काढली नाही. ठणक्यासाठी औषध दिलं, आणि आधी फिजिशियनकडे जाऊन या म्हणाल्या. मला रागावल्या नाहीत. फॉर्म पुढे धरून एवढंच विचारलं, "हे विचारून लिहिलंस, की माहीत आहे म्हणून?"

दुपारी तो वेगळा काढलेला गठ्ठा घेऊन बसले. बाकीच्यांना मी विचारलं होतं... पण 'काही आजार आहे का' असंच. ज्यांचे उपचार अजून बाकी होते, त्यांना फोन लावायला सुरुवात केली. या वेळी प्रश्न सुनंदाताईंचा, "रोज कुठली गोळी घेता?" एक काका म्हणाले, "सकाळची सांगू का रात्रीची?" त्यांच्या फॉर्मवर चारही ठिकाणी 'नाही' होतं... माझ्याच सुवाच्य अक्षरात.

आता फॉर्मवरचा पहिला प्रश्न बदललाय. 'रोज कोणकोणत्या गोळ्या घेता? सोबत असतील तर दाखवा.' होता होता टळलेल्या चुका लिहायचं एक रजिस्टरही मानांकनासाठी लागतं. ते कोरं होतं, आणि त्याचाही मला अभिमान होता. मॅडमनी ते माझ्यासमोर ठेवलं. पहिली नोंद माझी आहे... नावासकट.

तपासणी अजून व्हायची आहे. प्रमाणपत्र मिळेल की नाही, माहीत नाही. पण ते कशासाठी, हा प्रश्न मला आता पडत नाही.

परवा आई परत आली. फिजिशियनने गोळी बदलून दिली होती, ती घेऊन आणि भाकरी खाऊन. मी नवीन फॉर्म पुढे ओढला तर म्हणाली, "आता तं तुला समदं माहीत हाय, कशाला विचारतीस?"

तरी विचारलं. एकेक प्रश्न, तिच्याशेजारी बाकावर बसून... दाढ तर निघालीच. पण तिचे गुडघे वर्षभरापासून दुखतात, हे मला त्या बाकावर कळलं.